ट्रान्सफर होईल, पण कशात?

(महाराष्ट्रातल्या आणि अमेरिकेतल्या मराठी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या ऑनलाइन अभ्यासवर्गातलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



स्क्रीनवर गावांची नावं वाचते आहे. रत्नागिरी, मिरज, मालेगाव, मुंब्रा. दुसऱ्या बाजूला फ्रीमाँट, सॅन होजे, न्यू जर्सी. म्हणजे कुणाची इशाची नमाज झाली आहे आणि कुणाच्या हातात सकाळचा चहा आहे. सगळ्यांना जमेल अशी वेळ काढणाऱ्या संयोजकांचं कौतुक.

आपल्या घरात ट्रान्सफर म्हटलं की अब्बांची बदली आठवते. एसटीतली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, पोलिसातली. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलांसाठी याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दोन वर्षं स्वस्तातल्या, घराजवळच्या सरकारी कॉलेजात शिकायचं आणि मग थेट तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, त्याचाच हा लांबचा भाऊ समजा. फरक एवढाच की आपल्याकडे डिप्लोमाचा अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि प्रवेशाची एक यादी लागते. तिथे कोणते विषय, कोणत्या क्रमाने, कोणत्या युनिव्हर्सिटीसाठी घ्यायचे, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचं असतं. म्हणून तिथे सल्ल्याला एवढं महत्त्व आहे.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. गेली काही वर्षं शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसते आणि मुलांचे प्लॅन बघते. मी काउन्सेलर नाही, तसा दावाही नाही. आज बोलणार आहे ते बहुतेक कॅलिफोर्नियाबद्दल, कारण मला तेच नीट माहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली सुरू झालं. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. त्यात तीन पायऱ्या ठरल्या. शाळेतून निघणाऱ्या मुलांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशाला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुलं. सोबत एक वचन होतं: जो खालच्या पायरीवरून चांगला अभ्यास करेल त्याला वर जायची वाट मोकळी असेल. आज या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला फी एका युनिटला ४६ डॉलर. ट्रान्सफरला लागणारी ६० युनिटं धरली तर दोन वर्षांची शिकवणी फी २,७६० डॉलर होते, आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना तीही बहुतेक वेळा माफ होते. यूसीची एका वर्षाचीच फी चौदा हजार डॉलरच्या वर आहे.

ज्या घरांत व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही असं ठरलेलं असतं, त्यांना हा हिशेब मी समजावून सांगावा लागत नाही. अडचण वेगळी असते. मामूंनी किंवा खालांनी स्पॉन्सर केलेलं कुटुंब सगळी कागदपत्रं होईपर्यंत मुलगा-मुलगी अठरा-एकोणीसची होऊन तिथे पोचतं. थेट यूसीत जाणं जमत नाही. मग घराजवळचं कम्युनिटी कॉलेज. आणि दावतीत कुणी विचारलं की अम्मी आवाज खाली आणून सांगते, “सध्या इथेच जातो, मग बघू.” जणू मुलगा वाया गेला आहे. नटांमधले टॉम हँक्स कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकले. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिरॅक्यूस युनिव्हर्सिटीत गेल्या. ही उदाहरणं अम्मीसाठी आहेत. तुमच्यासाठी दुसरे आकडे आहेत, आणि ते एवढे गोड नाहीत.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या दहापैकी आठ विद्यार्थ्यांना पुढे बॅचलर्स डिग्री हवी असते. सहा वर्षांनी बघितलं तर साधारण एक तृतीयांश कुठल्या तरी चार वर्षांच्या संस्थेत पोचलेले असतात आणि शंभरपैकी सोळांच्याच हातात डिग्री असते. याला गरिबी, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या अशी बरीच कारणं आहेत. त्यांतलं एक कारण कमी दिसतं, ते म्हणजे वाया गेलेली युनिटं. अमेरिकी सरकारच्या लेखापाल कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०१७ मध्ये अहवाल दिला. संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या संस्थेत धरलीच जात नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी संस्थेतून सरकारी संस्थेत जाताना नुकसान यापेक्षा कमी असतं, पण असतं.

आता एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत.

खेडकडचं कुटुंब, वडील गाडी चालवतात. मुलगी हुशार, गणितात विशेष. तिला बर्कलीला कॉम्प्युटरशी संबंधित इंजिनिअरिंग करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात ती काउन्सेलरकडे गेली. वीस मिनिटांची वेळ, बाहेर रांग. तिने विचारलं, “मला यूसीला ट्रान्सफर व्हायचंय, काय घेऊ?” काउन्सेलरने तिला व्यवस्थित प्लॅन करून दिला. इंग्रजी, कलेचा इतिहास, राज्यशास्त्र, भाषणकला, संख्याशास्त्र. यातला प्रत्येक विषय यूसीला चालतो. वर्ष संपलं तेव्हा तिच्याकडे ३० युनिटं होती आणि सगळीकडे ए. घरात मिठाई वाटली गेली.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिने कॅल्क्युलसला हातही लावलेला नव्हता. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस एक, दोन, मग त्यापुढचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. ती एकामागून एक घ्यायची असतात, एकदम घेता येत नाहीत. फिजिक्सची साखळी वेगळी आणि तिचा पहिला कोर्सही कॅल्क्युलसशिवाय मिळत नाही. बर्कलीचं इंजिनिअरिंग कॉलेज तर स्पष्ट सांगतं की ट्रान्सफर अर्जात मेजरची तयारी आधी बघितली जाईल. मेजर म्हणजे मुख्य विषय. म्हणजे वर्षभर तिने जे मन लावून केलं ते थांबू शकलं असतं आणि जे थांबू शकत नव्हतं ते सुरूच झालं नव्हतं. तिला दोनाऐवजी तीन वर्षं लागली. तुम्ही म्हणाल, एका वर्षाने काय बिघडतं? तिच्या घरात दोन वर्षांचा शब्द दिला गेला होता. “दोन वर्षं शिकू दे, मग बोलू,” असं अब्बांनी नातेवाइकांना सांगितलं होतं. तिसरं वर्ष मागताना तिला जे बोलावं लागलं, ते शिक्षणाबद्दल नव्हतं. ती आज एका यूसी कॅम्पसवर इंजिनिअरिंग करते आहे. पण त्या वर्षी ती शिक्षण सोडून देण्याच्या किती जवळ आली होती, ते मला माहीत आहे.

यात खोटं कुणी बोललं का? नाही. काउन्सेलर वाईट होता का? तसंही मला वाटत नाही. त्याच्याकडे दिवसभर माणसं येतात. कुणाला नर्सिंगचं सर्टिफिकेट हवं असतं, कुणाचे तीन विषय राहिलेले असतात, कुणाला फी भरायची चिंता असते. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं. “यूसीला ट्रान्सफर होण्यासाठी काय लागतं?” या प्रश्नाचं उत्तर किमान अटी हेच आहे. यूसीला अर्ज करायला ६० ट्रान्सफरेबल युनिटं, इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक, इतर क्षेत्रांतले चार, आणि राज्याच्या रहिवाशाला किमान २.४ जीपीए. एवढं केलं की तुम्ही अर्जाला पात्र. पात्र असणं आणि निवड होणं यात किती अंतर असतं, हे एमपीएससीची मुलं मला शिकवतील.

म्हणून पहिला फरक डोक्यात पक्का करा. “हा कोर्स ट्रान्सफर होतो” या एका वाक्याचे तीन अर्थ असू शकतात. एक, त्याची युनिटं मोजली जातील. दोन, तो तिथल्या सर्वसाधारण विषयांच्या अटीत बसेल. तीन, तुमच्या मेजरला जो विशिष्ट कोर्स लागतो त्याच्या जागी तो धरला जाईल. महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त गरज तिसऱ्याची असते आणि काउंटरवरून बहुतेक वेळा पहिला अर्थ हातात पडतो. कुणी “होतो” म्हटलं की लगेच विचारा: कशात?

याचं उत्तर बघायची अधिकृत जागा आहे, असिस्ट डॉट ऑर्ग. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. मिरजेत बसूनही उघडता येतं. तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, युनिव्हर्सिटी निवडायची, मेजर निवडायचा. डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीला हवा असलेला कोर्स आणि उजव्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याला समान मानलेला कोर्स. समान कोर्स नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे थांबून डोकं चालवा. कधी शेजारच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात तो कोर्स असतो आणि एखाद्या उन्हाळ्यात तिथे घेता येतो. कधी दोन कोर्स मिळून एकाची बरोबरी होते, आणि त्यातला एकच घेतला तर काहीच मिळत नाही. ही बारीक अक्षरं मुलं वाचत नाहीत. वर्ष कोणतं दाखवलंय तेही बघा, कारण करार वर्षागणिक बदलतात. आणखी एक, असिस्टवर फक्त यूसी आणि सीएसयू आहेत. खाजगी युनिव्हर्सिटी किंवा दुसरं राज्य हवं असेल तर त्या त्या संस्थेच्या साइटवर जावं लागेल. न्यू जर्सीच्या मुलांसाठी एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, तिचा उपयोग साधारण असाच.

तीन-चार कॅम्पसची पानं शेजारी ठेवा. जे कोर्स सगळीकडे लागतात ते आधी. जे साखळीत येतात ते त्याहून आधी. एकाच कॅम्पसला लागणारे नंतर. हे करायला एक दुपार पुरते. मग काउन्सेलरकडे जा आणि आता प्रश्न असा विचारा: “मला पुढच्या वर्षीच्या फॉल सत्रासाठी बर्कली, डेव्हिस आणि सॅन होजे स्टेटला कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज करायचा आहे. ही माझी यादी. या क्रमाने घेतलं तर मी कुठे अडकेन?” तोच माणूस, तीच वीस मिनिटं, पण आता त्याला स्वतःचं ज्ञान वापरायला जागा मिळते. तो सांगेल की हा फिजिक्सचा कोर्स आपल्याकडे फक्त वसंत सत्रात असतो, किंवा ही जागा पहिल्या दिवशी भरते. हे असिस्टवर नसतं. आणि ठरलेलं सगळं एज्युकेशन प्लॅनमध्ये लिहून घ्या. नंतर ईमेलवर दोन ओळींत “आज आपलं असं ठरलं” म्हणून पाठवा. यात कुणाचा अपमान नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे एक अडचण आहे. साहेबांनी सांगितलं, मॅडमनी सांगितलं, म्हणजे झालं. उलट विचारणं म्हणजे बेअदबी. मोठ्यांचं ऐकावं हे ठीकच. पण तिथे प्रश्न विचारणारा विद्यार्थी गंभीर मानला जातो आणि गप्प बसणारा बहुतेक वेळा विसरला जातो. दुसऱ्या काउन्सेलरकडे जाऊन तोच प्रश्न विचारणंही चालतं. मी तर म्हणेन, विचाराच. कॉलेजात बहुतेक ठिकाणी ट्रान्सफर सेंटर वेगळं असतं. तिथे युनिव्हर्सिटींचे प्रतिनिधी ठरलेल्या दिवशी येऊन बसतात. सर्वसाधारण काउन्सेलरपेक्षा त्यांना त्यांच्या कॅम्पसचं जास्त ठाऊक असतं. तुम्ही कमी उत्पन्नाच्या घरातून असाल तर ईओपीएस नावाचा कार्यक्रम बघा. त्यात काउन्सेलरचा वेळ जास्त मिळतो आणि कोर्सची नोंदणी आधी करता येते. यूसीएलए हवं असेल तर आपल्या कॉलेजच्या ऑनर्स कार्यक्रमाचा यूसीएलएच्या ट्रान्सफर अलायन्सशी करार आहे का ते पहिल्याच सत्रात विचारा. त्यातून गेलेल्या अर्जाला प्राधान्याने बघतात. दुसऱ्या वर्षी कळलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आता जरा अवघड भाग. १९६० मध्ये, म्हणजे मास्टर प्लॅनच्याच वर्षी, बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा त्यांचा अभ्यास होता. त्यांचं म्हणणं असं की अशा कॉलेजात दार सर्वांना उघडं असतं, पण सगळ्यांना वर नेणं व्यवस्थेला शक्य नसतं. मग मुलांना थेट नाही न म्हणता हळूहळू, गोड बोलून त्यांच्या आकांक्षा खाली आणल्या जातात. चाचण्या, समुपदेशन, “तुला हे जास्त जमेल” अशी वाक्यं. शेवटी मुलाला वाटतं की हा निर्णय आपलाच. याला त्यांनी ‘कूलिंग आउट’ म्हटलं. हा शब्द मुळात ठगांच्या धंद्यातला आहे. एखाद्याला लुटल्यावर त्याने आरडाओरड करू नये म्हणून टोळीतला एकजण मागे राहून त्याची समजूत घालतो, ते कूलिंग. गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने तो आधी उचलला होता आणि क्लार्क यांनी कॉलेजला लावला. साठ वर्षांनंतर व्यवस्था बरीच सुधारली आहे, हे मी मान्य करते. पण ते वाक्य मी आजही ऐकते. माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलींना, दोघीही स्कार्फ घालणाऱ्या आणि दोघींचे गुण उत्तम, बालशिक्षणाचा कोर्स “तुम्हाला घर सांभाळून सोयीचा” म्हणून सुचवला गेला. दोघींनी तो विषय काढलाही नव्हता.

आणि एवढ्यावरच थांबले तर ते अप्रामाणिक होईल. हे थंड करण्याचं काम आपल्या घरातही होतं, कॉलेजपेक्षा जास्त मायेने होतं. “बर्कली कशाला, घरापासून वीस मिनिटांवर सीएसयू आहे की.” कधी हे पैशाचं खरं कारण असतं, तेव्हा ऐकायलाच हवं. कधी त्याच घरातला भाऊ सहाशे किलोमीटरवर सॅन दिएगोला गेलेला असतो.

मग प्रामाणिक इशारा आणि हे थंड करणं यांत फरक कसा करायचा? माझी कसोटी साधी आहे. खरा सल्लागार आकडा दाखवतो आणि पर्याय देताना तुमचं मूळ ध्येय जिवंत ठेवतो. “या मेजरला निवड झालेल्यांचा जीपीए एवढा आहे, तुझा एवढा आहे, कॅल्क्युलस पुन्हा बळकट कर, आणि सोबत या दोन कॅम्पसला अर्ज ठेव.” दुसरा विशेषणं देतो. कठीण, अवास्तव, तुझ्यासारखीला. यूसी स्वतः दर मेजरला किती ट्रान्सफर अर्ज आले, किती निवडले आणि निवड झालेल्यांचा जीपीए साधारण कुठल्या पट्ट्यात होता, हे कॅम्पसनिहाय प्रसिद्ध करते. विशेषण ऐकलं की ते पान उघडा. कधी ते पान बघून तुम्हालाच कळेल की इशारा बरोबर होता. तेही चांगलंच झालं.

‘गॅरंटी’ या शब्दाबद्दल बोलायला हवं. महाराष्ट्रातून जोडलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. मुंबई-पुण्यातले काही एजंट “टू प्लस टू, यूसीत गॅरंटीड प्रवेश” असं सांगतात. काही एजंटांना कॉलेजकडून कमिशन मिळतं, ते आधी विचारून घ्या. गॅरंटी नावाची गोष्ट खरोखर आहे. तिला टॅग म्हणतात, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. ती सहा कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. सहापैकी एकाच कॅम्पसला टॅगचा अर्ज करता येतो, तो १ ते ३० सप्टेंबरमध्ये. प्रत्येक कॅम्पसची जीपीएची आणि कोर्सची अट वेगळी, आणि मागणी असलेले काही मेजर वगळलेले असतात. सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टॅग नाहीच. सीएसयूची वेगळी गॅरंटी आहे, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, २०१०च्या कायद्याने आलेली. तिच्याने सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की मिळते, तुम्हाला हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही. सॅन होजे स्टेटसारख्या ठिकाणी अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तरी मी सांगते की टॅग भरा. तो भरला म्हणून बर्कलीचा अर्ज करायला बंदी होत नाही. पायाखाली जमीन असली की माणूस उडी मोठी मारतो.

विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना ते ४६ डॉलर लागू नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांची फी त्याच्या कित्येक पट असते. पुढे यूसीत गेल्यावर बाहेरच्या विद्यार्थ्यांवर नेहमीच्या फीशिवाय वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्तीचा बोजा पडतो आणि किमान जीपीएही २.८ लागतो. एजंटच्या कागदावर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांचाच हिशेब असतो. चारही वर्षांचा लिहून मागा. नव्याने स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनाही साधारणपणे एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्यावर रहिवासी दर मिळतो, तेव्हा घाई करून पहिल्याच महिन्यात पंधरा युनिटं घेण्याआधी प्रवेश कार्यालयात विचारा.

आता चुलतभावांचा सल्ला. तो सगळ्यात सहज मिळतो आणि सगळ्यात लवकर शिळा होतो. पाच वर्षांपूर्वी गेलेला भाईजान तुम्हाला “आयजीईटीसी पूर्ण कर” म्हणेल. २०२५च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याची जागा कॅल-जीईटीसीने घेतली आहे. त्याहून जुना कुणी म्हणेल की आधी परीक्षा देऊन पायाभूत गणिताच्या वर्गात बसावं लागतं. २०१७च्या कायद्याने ते बहुतांशी संपवलं. भाईजानला नियम विचारू नका. त्याला हे विचारा की कोणत्या प्राध्यापकाच्या वर्गात खरंच शिकायला मिळालं, नोकरी करून फिजिक्स आणि कॅल्क्युलस एकत्र झेपलं का, युनिव्हर्सिटीत गेल्यावर पहिल्या सत्रात काय अंगावर आलं. याची उत्तरं कुठल्याच साइटवर नाहीत. प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेतही जाऊन बसा. यूसी सहसा शिफारसपत्रं मागत नाही, पण खाजगी युनिव्हर्सिटी मागतात. जॅक केंट कुक फाउंडेशनसारखी शिष्यवृत्तीही मागते, आणि ती वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत जाते. नाव माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासाठी कुणी चांगलं पत्र लिहू शकत नाही.

अर्जाबद्दल दोनच गोष्टी. यूसीच्या अर्जात ट्रान्सफर विद्यार्थ्यांनी चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. एक मेजरच्या तयारीबद्दल, ते सक्तीचं. उरलेली तीन सातांतून निवडायची. आपली मुलं तिथे “मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे” असं लिहितात आणि आठवड्याला पंचवीस तास मामूंच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहिल्याचं लपवतात. दादीला डॉक्टरकडे नेऊन तिचं दुखणं इंग्रजीत सांगणारी मुलगी ते एका ओळीतही लिहीत नाही. का? लाज वाटते. वाचणाऱ्याला हेच समजून घ्यायचं असतं की तुमचे गुण कोणत्या परिस्थितीत आले. दुसरी गोष्ट, नोव्हेंबरअखेरीस अर्ज गेला की काम संपत नाही. जानेवारीत ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट भरावं लागतं, फॉलचे गुण आणि वसंत सत्राचे कोर्स. दर वर्षी एखादा तरी मुलगा ते विसरतो आणि मला फेब्रुवारीत फोन करतो.

शेवटी संयोजकांना एक विनंती. ज्या शहरात आपली दहा-पंधरा घरं आहेत तिथे महिन्यातून एक शनिवार, एक टेबल, दोन लॅपटॉप एवढं ठेवा. सल्ला देऊ नका. मुलाला असिस्टचं पान स्वतः उघडायला लावा आणि तो काउन्सेलरला काय विचारणार आहे ते कागदावर लिहायला लावा. अम्मी-अब्बांनाही बसू द्या. दोन की तीन वर्षं, हे त्यांना त्या पानावरून कळलं तर नातेवाइकांना दिलेल्या शब्दाची अडचण निम्मी कमी होते.

माझं बोलणं इथे थांबवते. चॅटमध्ये फ्रीमाँटच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे, नर्सिंगच्या साखळीत केमिस्ट्री आधी की अ‍ॅनाटॉमी. ताई, तुमच्या कॉलेजचं नाव आणि कॅम्पस लिहा, पान उघडून सगळ्यांसमोरच बघूया.